गोधडीचं पोट

९ नोव्हें., रवि.
आमच्या लेकीला, ऋचाला नववा लागून बरेच दिवस झाले, आज कुठे गोधडीला मुहूर्त. सासूबाईंनी पलंगावर हत्यारं मांडली. मोठी कात्री, खडू, लाकडी पट्टी, पक्का दोरा, दोऱ्याला लावायचं मेण, सुया टोचलेली लाल उशी आणि त्यांचं जुनं लोखंडी अंगुस्तान, सुई रेटायला बोटावर घालायची टोपी. ते मधल्या बोटात चढलं की बाई सेनापती. मी हौसेने ऑनलाइन मागवलेला फिरत्या पात्याचा कटर बघून म्हणाल्या, "हा पिझ्झ्याला ठेव."

आत त्यांची दोन लुगडी, वर बुलबुलदीने दिलेली विटकी तांताची सुती साडी. (ती वरच्या मजल्यावरची बंगाली शेजारीण, स्वतः काँथा, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, भरते.) "नवं कापड बाळाला टोचतं," सासूबाई म्हणतात. नियम एकच: उठताना सगळ्या सुया उशीत. उशीत जागा रिकामी दिसली तर सुई सापडेपर्यंत जेवण नाही.

११, मंगळ.
मुलगा! दोघंही ठीक. अ. (नवरोबा) फोनवर चक्क रडला, आता कबूल करत नाही. सा.बा. दवाखान्यात आल्याच नाहीत. पणतू बघायचा सोडून गोधडी. काय बोलायचं?

१४, शुक्र.
लेक-नातू घरी. घरभर ओव्याची धुरी, आमच्या बेहाला भागात आग लागली की काय असं खालच्या बंगाल्यांना वाटलं.

सा.बा. सुईत दोरा ओवत होत्या. दोरा ओला केला, चुकला. परत ओला केला. मी हात पुढे केला तर, "मी काही आंधळी नाही." एके काळी यांच्या ओळी पट्टीने आखल्यासारख्या असायच्या. आता निम्म्या वाटेत खाली घसरतात. दुपारी त्यांचा डोळा लागला की मी वाकड्या ओळी उसवून पुन्हा घालते. कळत नसावं त्यांना. कळलं तर माझी खैर नाही.

१७, सोम.
सकाळी स्वयंपाकघरात खलबत्त्याची ठोकाठोक. सुंठ कुटत असतील लाडवाला, म्हणून मी उठलेच नाही. नंतर बघते तर सुंठ डब्यात तशीच.

मधला चौकोन सा.बां.नी एकटीने शिवला, दार लोटून. तिथे हळदकुंकू लावून पोळीचा तुकडा ठेवायचा असतो. गोधडीला उपाशी ठेवायचं नाही, तिचं पोट भरलं तर बाळाचं भरतं, अशी त्यांच्या माहेरची रीत. दार कशाला लोटायचं, ते मात्र विचारायची सोय नाही.

१८, मंगळ.
उशीत एक जागा रिकामी.

पलंग उचलला, गाद्या झटकल्या, केरसुणीच्या काड्या वेगळ्या केल्या. नाही. "मी टोचली होती," सा.बा. म्हणतात. दुपारी मीही शिवत बसले होते. मी टोचली होती का? आठवत नाही. आठवत नाही हेच वाईट.

१९, बुध.
ऋचाला कळलंच. बाळाला घट्ट धरून उभी, "आई, आजीला दिसत नाही हे सगळ्यांना माहितीये. कोणी बोलत का नाही? मी रिस्क नाही घेणार." दार उघडं होतं. सा.बां.नी ऐकलं असणार, पुन्हा पलंगाखाली वाकून शोधायला लागल्या. आणि मी? दुपारच्या शिवणाचं सांगायला तोंड उघडलं आणि पाणी प्यायले. भित्री.

जिन्यात बुलबुलदी. "छुँचटा पेले?" सापडली का सुई म्हणून. मी मान हलवली तर तिचाही चेहरा उतरला.

२०, गुरु.
अ.ने मोडका स्पीकर फोडून चुंबक काढला. गोधडी जमिनीवर पसरून मी एका टोकापासून फिरवत गेले. काही नाही, काही नाही. आणि बरोब्बर मध्यावर आल्यावर खालून ओढ! पोटाचा चौकोन. बाळाची पाठ तिथेच येणार.

सा.बां.च्या समोर उसवला. त्या अडवत होत्या, मी ऐकलं नाही. आत वाळलेली पोळी आणि पिवळ्या चिंधीत गुंडाळलेलं अंगुस्तान. चेपून पत्रा केलेलं. बत्त्याने! सोमवारची ठोकाठोक ती ही.

"बाळाजवळ लोखंड असावं," म्हणाल्या. मग खिडकीकडे बघत, "मला आता लागणार नाही ते. सुईचं भोकच दिसत नाही गं."

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून या बाईने मला 'होत नाही' असं कधी सांगितलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. सुई ती नव्हतीच.

२१, शुक्र., दुपार
उद्या बारसं. चौकोन मी परत शिवला, फक्त पोळीचा ताजा तुकडा घालून. चुंबक पुन्हा दोन्ही बाजूंनी फिरला. अ. म्हणतो, आत काही नाही. पण तुटकं बारीक टोक असलं तर? इतक्या थरांतून ते ओढलं जाईल का? तोही खात्रीने सांगत नाही.

ऋचाने नवं ब्लँकेट मागवलंय. "आजीला तूच सांग."

सांगायची वेळच आली नाही. सा.बां.नी चष्मा काढून कपाटावर ठेवला, स्वेटर काढला, गोधडी जमिनीवर अंथरली आणि तिच्यावर आडव्या झाल्या.

"आधी मी झोपते. माझी कातडी आता बाळाहून पातळ आहे. टोचलं तर सांगेन."

"आई, उठा. वाकड्या ओळी मी उसवून घालत होते. सुई माझ्याही हातून..."

"माहितीये. दोरा फार ओढतेस तू. तुझे टाके बोटाला कळतात."

माहीत होतं! आणि रोज दुपारी डोळे मिटून पडत होत्या, मला वेळ मिळावा म्हणून!

ऋचा बाळाला घेऊन दारात. ब्लँकेटचं पुडकं अजून फोडलेलं नाही. मी शेजारी बसून हे लिहितेय, नाहीतर हातांचं काय करू? सा.बा. वीतभर सरकतात, सगळा भार टाकतात, थांबतात. पुन्हा सरकतात. पाठ झाली, आता कूस.

आत्ता भुवई आक्रसली.

"आई? टोचलं?"

"आजी?" ऋचा आत आली.

सा.बां.नी डोळे न उघडता हात वर करून आम्हा दोघींना थांबवलं. एक कोपरा राहिलाय अजून.