हिरवा चुडा आणि वाघीण

ती. आईस,
ताडोबाच्या कॅम्पवरून राजूचा नमस्कार, आबांनाही.

हनिमूनला जंगलात कशाला, म्हणत होतीस ना? आई, आज मी वाघीण बघितली! जिप्सीत बसतानाच गाईड म्हणाला, "ताई, बांगड्या काढा, वाजतात." मी म्हटलं, "लग्नाचा चुडा हाय, न्हाई काढायची." तूच बजावलं होतंस! मग ह्यांनीच माझी दोन्ही मनगटं गच्च धरली. वाघीण पार जवळनं गेली, पण एक बांगडी वाजली न्हाई.

तंबूत पंखा हाय, जेवण बरं हाय. रविवारी लेणी बघायला आलेली माणसं आपल्या खानावळीत जेवायला आली की भाकऱ्या एकटीच थापतेस का? गुडघा कसा हाय?

लग्नाआधी विचारायचीस, "पोरगा लय गप्प हाय, तुला जपंल ना?" आई, वाघीण कवाच गेलती, कॅम्प आला, तरी ह्यांनी मनगटं सोडली न्हाईत.

तुझी,
राजू