नानांच्या विहिरीतले कोलिफॉर्म

धुळे, मंगळवार, २२ मार्च १९८८

दोंडाईच्याजवळच्या खेड्यातले नाना आज रिपोर्ट घेऊन प्रयोगशाळेत आले. त्यांच्या मळ्यातल्या विहिरीवर सगळी वस्ती पाणी भरते. रिपोर्टवर मीच लिहिलं होतं: कोलिफॉर्म आढळले, पिण्यास अयोग्य.

"ताई, हाई कोलिफॉर्म म्हणजे काय शे?"

सांगितलं. माणसांच्या, गुरांच्या आतड्यांतले जंतू. ते पाण्यात सापडले, तर मैला मिसळला असावा असं आम्ही धरतो. नानांनी रिपोर्टची घडी घातली.

"तीन दिन व्हयनात, कोणी पानी भराले येत नही."

मग विचारलं, बाटली कशी भरली? तोंडाला हात लावू नका, असं बजावून मीच निर्जंतुक बाटली दिली होती.

"हात नही लावा. उपरणाघाई पुसी लिधं. पाहुणाले तांब्या देतस तसं."

उपरणं. गोठ्यातून, शेतातून फिरलेलं, त्यानंच बाटलीचं तोंड पुसलेलं. मग जंतू विहिरीतले की उपरण्याचे? आता सांगता येणार नाही. हे मी आधी का नाही विचारलं? परवा स्वतः जाऊन नमुना घेणार आहे. तोवर पाणी उकळून प्या म्हटलं.

उपरणं खांद्यावर सारखं करत त्यांनी विचारलं, "येशात तवय मना आठे पानी पेशात ना?"

"तपासणी झाल्यावर."

त्यांनी मान हलवली. त्यांच्याकडे आल्यावर पाणी पिईन म्हटलं असतं, तर त्यांनी ते वस्तीत सांगितलं असतं आणि उद्या सकाळीच बायका घागरी घेऊन आल्या असत्या. म्हणून म्हटलं नाही. पण त्यांचा चेहरा संध्याकाळपासून डोळ्यांसमोरून जात नाही.