यशूच्या जागी बदली

१२ जानेवारी

कॉलेजातून फोन! मी लसूण सोलत होते. पालक म्हणून यशूनं माझाच नंबर देऊन ठेवलाय. बापाचा, म्हणजे माझ्या भगवानचा दिला असता, तर तो कुठला उचलतोय!

बाई म्हणाल्या, "यशोधरा शेजवळच्या घरून का? तिची हजेरी भरत नाही. अशानं परीक्षेला बसता येणार नाही तिला."

मी म्हटलं, "अहो, माझी नात रोज कोंबड्याच्या आधी उठून येते की तिकडं!"

"येते. पण निम्म्यातून जाते."

फोन ठेवला. आज लसूण जरा जास्तच ठेचला गेला.

१३ जानेवारी

यशूला गाठलं. न्हाणीत केस धूत होती – पळायला वाटच नाही. "कुठं जातेस गं निम्म्यातून?" फेसातून उत्तर आलं – "दुकानात."

हरेश सेठच्या साड्यांच्या दुकानात कामाला आहे ती, हे घरात सगळ्यांना ठाऊक. भगवानची कंपनी बंद पडली तेव्हापासून आपली फी तीच भरते. पण आम्हाला वाटायचं, कॉलेज सुटल्यावर जाते. आता लग्नाचा सीझन. सेठ म्हणतो, शटर वर जाताना हजर पाहिजे. म्हणून शेवटची दोन लेक्चरं बुडतात, रोज! कॉलेज बदलापूरला, दुकान उल्हासनगरला, मधे अंबरनाथला आम्ही. ओली चादर दोघींनी दोन टोकं धरून पिळावी तसं झालंय पोरीचं.

"मग एक सोड."

"काय सोडू? नोकरी सोडली तर फी नाही. कॉलेज सोडलं तर फी हवी कशाला?"

हिशेबाचंच शिकतेय, बोलणारच!

वर म्हणते, "पप्पांना सांगू नको." सांगते कशाला? भगवान लगेच म्हणेल, झालं तेवढं शिक्षण पुरे, स्थळं बघू. शेवटचं वर्ष आहे पोरीचं. माझी शाळा सुटली चौथीतच.

१४ जानेवारी

शेजारच्या सुनंदाताई तिळगूळ देऊन गेल्या. "गोड बोला" म्हणाल्या. माणसानं कुणाकडून काय मागावं, याचं भान पाहिजे.

१६ जानेवारी

भांडी घासताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बदली!

आमचा म्हातारा काडेपेटीच्या कंपनीत कायमचा लागला तो फार उशिरा. त्याआधी उभी जवानी बदलीवर. सकाळी गेटवर उभं राहायचं. आतला कुणी आला नाही की मुकादम बोट करायचा – तू, चल आत. ज्याला दांडी मारायची असेल तो पठ्ठ्या आपला भाऊ नाहीतर मेव्हणा पाठवायचा. मशीन चालू राहिलं म्हणजे झालं! मशीनला काय कळतंय कोणाचा हात आहे ते?

मग कॉलेजलाच काय धाड भरलीय? खुर्ची भरली म्हणजे झालं.

१९ जानेवारी

काय दिवस गेला! पहिल्यापासून लिहिते.

दुकानात नवा माल येणार म्हणून यशू आज कॉलेजला गेलीच नाही, थेट दुकानात. तिचं ओळखपत्र खिळ्याला लटकत होतं. मी पांढरी साडी नेसले, ओळखपत्र गळ्यात घातलं आणि बदलापूर गाठलं.

वॉचमननं गेटवर अडवलं. फोटो बघतो, मला बघतो. "आजी, हा तुमचा फोटो?"

"लग्नाआधीचा आहे."

तो विचार करत राहिला, तेवढ्यात मी आत.

वर्गात शेवटच्या बाकावर जागा मिळाली. बाजूला एक मुलगी. तिला म्हटलं, "सरक गं." सरकली. सर आले. राजेंद्र सर म्हणतात त्यांना. मान खाली घालून नावं घ्यायला लागले. "यशोधरा शेजवळ?"

"हजर!"

अख्खा वर्ग हसून फुटला! सरांनी मान वर केली. "आजी... तुम्ही?"

मी उभी राहिले. "तिच्या जागी आले. बदली. ती कामावर आहे, मी इथं आहे. तुमचं बाकडं रिकामं नाही राहिलं. लावा तिची हजेरी."

पोरं बाकं बडवायला लागली. सर हसले नाहीत, त्यांचा चष्मा तेवढा हलत होता. "बसा," म्हणाले. "आलाच आहात तर ऐका."

ऐकलं. घसारा शिकवत होते. मशीन जुनं होत जातं तशी त्याची किंमत दर साली कमी धरायची म्हणे. हे सगळं माझ्याकडंच बघून कशाला सांगायचं?

तास संपल्यावर मला बाहेर घेऊन गेले. "आजी, इथं बदली चालत नाही. ज्याचं डोकं त्यानंच आणायला लागतं."

मी म्हटलं, "तिचं डोकं चांगलं आहे. पाय दोनच आहेत, त्याला मी काय करू?"

सरांनी हजेरीचं पुस्तक उघडून मोजलं. मग म्हणाले, "आजपासून सगळी लेक्चरं बसली तर हजेरी कशीबशी भरेल. एकही बुडता कामा नये. सांगा तिला."

माणूस वाईट नाही. पण मला चहा विचारला नाही.

२० जानेवारी

यशूला कळलं. वर्गातल्या कुठल्यातरी कार्ट्यानं मोबाईलवर माझं शूटिंग काढून सगळीकडं फिरवलंय. "आजी, मी आता कॉलेजात तोंड कसं दाखवू?"

म्हटलं, "तेच तर म्हणतायत सर – तोंड दाखव! रोज!"

तिनं सेठला फोन लावला. सीझनभर उशिरा येऊ का म्हणून विचारलं. मला पलीकडचं स्पष्ट ऐकू येत होतं. "बेटा, दूसरी लड़की बाहर खड़ी है. तू बोल, उसको अंदर बुलाऊँ?"

फोन ठेवल्यावर रडली नाही. नखं खात बसली. रडली असती तर परवडलं असतं.

२१ जानेवारी

म्हाताऱ्याचं चुकत नव्हतं. माझंच गेट चुकलं! कॉलेजात बदली चालत नसेल, दुकानात का नाही चालणार?

यशू म्हणाली, "आजी, तू गिऱ्हाइकाला हाकलून देशील."

"मी कधी कुणाला हाकललंय?"

तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. केबलवाला, विमावाला, आत्याच्या नवऱ्याकडचे... मी विषय बदलला.

२२ जानेवारी

यशू कॉलेजात. मी दुकानात. घरी सांगितलं, विहारात जाते. शीला – माझी सून, मला आत्या म्हणते – भगवानला म्हणाली, "आत्यांचं धम्मात फार मन लागलंय हल्ली." लागू दे.

सेठ मला बघून गारच! "अम्मा, आप क्या करेंगे?"

म्हटलं, "यशू के जगह बदली. सीझन खत्म तक. उसकी जगह किसी को देने का नहीं."

तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक आत आलं. बोहनीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं तर सेठचा दिवस नासतो. त्याला माझ्याशी भांडायला वेळच मिळाला नाही.

२४ जानेवारी

कान पकडून शिकवतोय मला सेठ. "अम्मा, कस्टमर को कभी ना नहीं बोलना. पीला माँगे, पीला नहीं है, तो हरा दिखाना और बोलना, यही तो पीला है आजकल."

"ये तो झूठ है."

"झूठ नहीं अम्मा. सच है, बस थोड़ा प्रेस करके दिया है."

२७ जानेवारी

आज घोळ झाला. एक बाई भरजरी केशरी साडी खांद्यावर टाकून आरशात बघत होती. दुकानातल्या पोरी एका सुरात – "क्या लग रहे हो आंटी!" बाईनं मला विचारलं, "कैसी है?"

मी म्हटलं, "साड़ी अच्छी है. आप इसमें सोफा दिखते हो."

सेठनं कपाळाला हात लावला. बाई लाल झाली, निळी झाली. मग म्हणाली, "तो कौनसी लूँ?" मी गडद जांभळी काढून दिली. तिनं ती घेतली, आणि तिच्या दोन बहिणींना पण घेतली! जाताना सेठला म्हणते, "इतने साल में पहली बार किसी ने सच बोला आपकी दुकान में."

सेठ संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मग स्वतःच्या डब्यातला दाल-पकवान पुढं केला.

३१ जानेवारी

आता बाया दारातूनच विचारतात, "वो बोलनेवाली अम्मा किधर है?"

आज एक नवरी आली होती. होणारी सासू पोपटी शालू घेऊन बसलेली, सोडायलाच तयार नाही. पोरगी पायाच्या अंगठ्यानं गादी उकरत होती. मी सासूला विचारलं, "शालू कोण नेसणार? तुम्ही?"

"नाही, ही."

"मग तिला बोलू द्या की जरा. पुढं आयुष्यभर तुम्हीच बोलायचंय."

पोरीनं राणी रंगाचा घेतला. सासूनं जाताना माझ्याकडं असं बघितलं, घरी जाऊन आंघोळच केली मी.

यशूचं एकही लेक्चर बुडालेलं नाही.

३ फेब्रुवारी

पाय सुजलेत. शीला म्हणते, "विहारात खाली बसवतात का हो?" म्हटलं, "नाही, उभं राहून ध्यान करायचं असतं. नवीन आलंय."

५ फेब्रुवारी

पकडले गेले!

परवा रमाई जयंती. मंडळाच्या बायांना मिरवणुकीसाठी एकसारख्या पांढऱ्या साड्या, निळ्या काठाच्या. मला काय ठाऊक यांना उल्हासनगरातलं हेच दुकान सापडणार! दार उघडलं, आणि सगळ्यांच्या पुढं शीला.

तिनं मला बघितलं. मी तिला बघितलं. म्हटलं, "या ताई, काय दाखवू?"

शीला माझीच सून. पापणी हलली नाही तिची. बसली, साड्या उलगडायला लावल्या, आणि भाव करायला असली भिडली की सेठला घाम फुटला. "अम्मा," मला कानात म्हणतो, "ये तो आपकी भी अम्मा है!" म्हटलं, "होगी."

रात्री भाकरी थापताना एवढंच म्हणाली – "विहारात एसी बसवलाय का आत्या?"

मग सगळं सांगितलं. फोन, हजेरी, बाकडं, सेठ. ती तव्याकडं बघत ऐकत होती. भाकरी करपली. शीलाची भाकरी करपलेली मी कधी बघितली नव्हती. "मला का नाही सांगितलं पोरीनं?"

"तू दिवसभर कंपनीत पॅकिंगला उभी असतेस, म्हणून."

तिनं करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली.

६ फेब्रुवारी

सकाळी ओट्यावर दोन डबे. एक यशूचा, एक माझा. माझ्या डब्याखाली मलमाची ट्यूब. भगवान पेपर वाचत होता, मान वर न करता म्हणाला, "आई, रस्ता सांभाळून ओलांड." म्हणजे कळलंय. ओरडला नाही, स्थळाचं नाव नाही. आमच्या घरात हीच परवानगी.

१८ फेब्रुवारी

काम, काम. लिहायला वेळ नाही. नोकरदार माणसाचं असंच असतं.

२८ फेब्रुवारी

हजेरी भरली! जेमतेम, पण भरली. परीक्षेला बसता येणार. राजेंद्र सरांनी यशूला निरोप दिला – "आजींना सांग, घसाऱ्यावर नक्की प्रश्न येणार." मला कशाला सांगायचं? मी काय पेपर देणार आहे!

२ मार्च

सीझन संपला, तशी यशू म्हणाली, परीक्षेपर्यंत थोडे दिवस दुकानात जाते, आपली जागा धरून ठेवते. मी पण गेले, निरोप घ्यायला. सेठसाठी लसणाची चटणी नेली होती.

सेठ यशूला म्हणतो, "बेटा, तू पढ़ाई कर. अम्मा को रहने दे."

यशूला आधी कळलंच नाही. मग कळलं. "अंकल, ये मेरी नौकरी है!"

"थी," सेठ म्हणाला. "अम्मा, आपका नाम क्या है? इतने दिन यशू की अम्मा, यशू की अम्मा..."

"अंजना."

दुपारपर्यंत गल्ल्यावरच्या पोराकडून नावाची पट्टी छापून आणली त्यानं. माझ्या पदराला पिन लावून दिली. अंजना. म्हातारा अर्धं आयुष्य गेटवर उभा राहिला तेव्हा कुठं परमनंट झाला. मी एका सीझनमध्ये! असता तर आठवडाभर जेवला नसता.

यशू रिक्षात तोंड फिरवून बसली. "खाल्लीस ना माझी नोकरी!"

"खाल्ली. आता तुझी फी मी भरणार. तुला एकच काम – बसून वाचायचं."

अंबरनाथ आलं, मग बोलली. "आणि एम.कॉम. करायचं असेल तर?"

"कर की. दुकान कुठं पळतंय?"

तिनं तोंड माझ्याकडं फिरवलं नाही. पण माझी पिशवी तिनं उचलली.

१७ एप्रिल

यशूचे पेपर काल संपले. माझ्या अंगात कसकस. शीलानं दारालाच कडी घातली – आज जायचं नाही.

सेठला फोन केला. म्हटलं, बदली पाठवतेय. यशोधरा नाव आहे. पोरगी नवीन आहे, जरा सांभाळून घ्या.