मोठीमायले ऱ्हाईन दाखवाची हाये

४ जून
पक्कं झालं. सप्टेंबरात मी जर्मनीले जानार. मोठेबाबाचा, म्हंजे माह्या बापाच्या मोठ्या भावाचा, पोरगा नितेशदादा तिकडं माइन्झले नोकरीले हाये. त्यानं मायबापाले बोलावलं. ऱ्हाईन नदीच्या काठाकाठानं जुनी शहरं दाखोतो म्हने. पन मोठीमायचे, म्हंजे त्याच्या मायचे, गुडघे गेले. ती म्हने, माही चाकाची खुर्ची ढकलाले सागर पाहिजे, त्याच्याबिगर मी येत नाही. मोठेबाबा म्हने, हे पोरगं पावन्यासमोर पानी घेऊन येत नाही, जर्मनीत काय करन? मोठीमाय म्हने, खुर्ची ढकलाले बोला लागत नाही.
बरोबर हाये. माह्याबिगर तिचं होतच नाही.

९ जून
अभ्यास सुरू. मोबाईलवर कोलोनचं चर्च पाह्यलं, काळंभोर. कोब्लेन्झले ऱ्हाईनमंधी दुसरी नदी येऊन मिळते. माइन्झले भाजीबाजार भरते, भाव पाटीवर लिहेल असते, कोनी ओरडत नाही. मले जमन. दर्यापूरच्या बाजारात बाबाजवळ बसतो मी, पन वांग्याचा भाव कोनी विचारला का पिशवी शोधाले खाली वाकतो.
आजचं जर्मन: गुटन टाग, म्हंजे नमस्कार. म्हशीले म्हनलं. पाह्यलं तिनं.

१४ जून
बाबा म्हने, जर्मनी हुकली तं सरळ नांदगाव पेठ, कापडाच्या कंपनीत. आपल्या गावातला किशोर हाये तिथं, लावून देते.
हुकन कशी? उलट नितेशदादा मलेच तिकडं कुठं तरी चिकटवन. शाळेचं कोनी विचारलं तं सांगीन, मी सोडली नाही. दहावीत तोंडी परीक्षा होती, त्या दिवशी पोट दुखलं. मंग दुखतच राह्यलं.

१८ जून
अकोल्याले जाऊन पासपोर्टचं काम केलं. मॅडमनं नाव विचारलं, बाबानं सांगतलं. आता पोलीस घरी येऊन चौकशी करन. बाबाची ताकीद, पासपोर्ट हातात येईपर्यंत गावात बोलाचं नाही, नजर लागते. मी कोनाले सांगनार? मी कोनाशी बोलतच नाही.

२७ जून, दुपारी
पोलीस येऊन गेला.
घरचे बाजारात. मोठीमाय अकोल्याले गुडघ्याच्या डॉक्टरकडं. माही तयारी फुल होती. शर्टाले इस्त्री, माय नेम इज सागर, सगळं पाठ. पन खाकी दिसली अन् पाय आपोआप कडब्याच्या गंजीमागं. म्हनलं, आधी घाम पुसू, मंग जाऊ.
तेवढ्यात त्यानं शेजारच्या सुभद्राकाकूले विचारलं, सागर इथंच राह्यते का. काकूले वाटलं पोरानं भानगड केली. म्हने, कोन सागर? तो म्हने, केशवरावचा पोरगा. काकू म्हने, हाव, तो! तो तं दोन सालापासून सुरतले हाये बापा. दिवाळीले बी येत नाही, मायबापाच्या जिवाले घोर नुसता. अन् पदरानं डोळे पुसले.
काकूची अॅक्टिंग पाहून मलेच माहं वाईट वाटलं.
गाडी गेल्यावर काकू गंजीजवळ आली. म्हने, निंग रे बाहेर, वाचवला तुले. काय केलं तू?
काळजी नाही. पोलीस पुन्हा येत असते.

५ जुलै
येत नसते. शेरा पडला: अर्जदार पत्त्यावर राहत नाही.
बाबा काकूवर ओरडले. काकू बाबावर. म्हने, पोराले जर्मनीत धाडता अन् शेजारनीले पत्ता नाही! आता दोन्ही घरायचं बोलनं बंद.
उपाय सोपा हाये. ठाण्यात जाऊन सांगाचं, मी इथंच राह्यतो. तीन शब्द. एकटा जातो. बाबाले म्हनलं, तुमी येऊ नका.

७ जुलै
गेटपर्यंत गेलो. साहेब बिझी दिसले.

१० जुलै
जेवून राहिले असन.

१५ जुलै
गेटवरचा पोलीस म्हने, कोन पाहिजे रे? म्हनलं, कोनी नाही.
घरी सांगतलं, काम झालं. होईनच ना.

२ ऑगस्ट
नाही झालं. बाबाले ठाण्यातून कळलं. व्हिसाची वेळ गेली, नितेशदादानं माहं तिकीट वापस केलं. बाबानं किशोरले फोन लावला.
मोठीमाय म्हने, मंग मी बी नाही जात. मोठेबाबा लय तापले. ती हटली नाही. म्हने, तुमी एकटे जा.
म्हनलं होतं ना मी. माह्याबिगर तिचं होतच नाही.

१८ ऑगस्ट
कंपनीत लागलो. मुलाखतीत माह्यावतीनं किशोर बोलला.

१४ सप्टेंबर, रविवार
सुट्टी. मोठीमायजवळ बसलो होतो. नितेशदादाचा व्हिडिओ कॉल आला, बोटीवरून. मोठेबाबा माकडटोपी घालून, मागं ऱ्हाईन. मोठीमाय म्हने, कोनतं गाव रे हे? मी हळूच म्हनलं, कोब्लेन्झ. दोन नद्या मिळतेत तिथं.
नितेशदादानं फोन फिरवला. खुर्चीवर बसेल एक म्हातारी बोटीवर चढून राहिली होती, बोटीवालाच ढकलत होता. दादा म्हने, पाह्य आई, म्हनलं होतं ना तुले, विमानतळापासून बोटीपर्यंत खुर्ची ढकलाले मानसं असतेत. सागर नसता तरी अडलं नसतं.
फोन ठेवल्यावर मी विचारलं, तुले माहीत होतं?
म्हने, पयल्या दिवसापासून.
मंग गेली काहून नाही?
ती गुडघ्याले तेल लावून राहिली होती. म्हने, तू इथं अन् मी तिथं दिसली असती, तं मोठेबाबा साऱ्यायले सांगत फिरले असते, पाह्य, त्या पोराची गरजच नव्हती कोनाले.
मले लय बोलाचं होतं.
तोंडातून निंगालं, चाय मांडू का.