हातगिरमिटाचा वारस

मी, जमना नेमसिंग, वय एकोणीस पूर्ण, राहणार हिंगोली, स्टेशनालगतच्या रूळदुरुस्ती गँगच्या खोल्यांपैकी कडेची खोली, धंदा घरकाम व वाचन, आज हा लेख स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. बिघाड आहे तो पोटात. परवा माझे वडील मला रेल्वेच्या पासावर हैदराबादला नेणार आहेत. तेथील डॉक्टर माझे पोट उघडून आतड्याचा एक निरुपयोगी तुकडा काढून टाकतील. असे रोगी बहुतेक बरे होतात, असे त्यांनी कळविले आहे. ‘बहुतेक’ या एका शब्दाखातर हे मृत्युपत्र.

मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट आमच्या याडीने, म्हणजे आईने, दौत लपवून ठेवली होती. ती पिठाच्या डब्यामागे सापडली.

चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. मराठी शाळेत पहिली आले तेव्हा बक्षीस घेण्यास मी जागेवरून उठले नाही. अखेर बाईंनीच ते बाकावर आणून ठेवले. म्हणून जे बोलता आले नसते ते येथे कलमवार मांडते.

कलम १. माझी सर्व पुस्तके शाळेस द्यावीत. समासात पेन्सिलीने केलेल्या टिपा खोडू नयेत. व्याकरणाच्या पुस्तकात दोन ठिकाणी मी लेखकाशी असहमत आहे. माझ्या पश्चातही ती असहमती कायम समजावी.

कलम २. माझी आई रुख्मिणीबाई हिला पत्र्याच्या डबीतील बचत, लुगडी, व मी अर्धवट टाकलेले काचांचे भरतकाम. बचतीतून तिने चष्मा घ्यावा. माझ्या नावाने जेवणावळ घालू नये. भरतकाम उसवून पुन्हा करावे. माझे टाके तिला कधीच आवडले नाहीत, आणि त्या बाबतीत ती बरोबर आहे.

कलम ३. सागवानी फळीवरील माझी छोटी रेल्वेलाइन माझे वडील नेमसिंग, गँगचे मुकादम, यांस.

या लाइनीची हकिगत सांगणे अवश्य आहे. छत्रीच्या मोडक्या काड्यांचे रूळ व बाभळीच्या कपच्यांचे स्लीपर मी केवळ खेळ म्हणून मांडले होते. एके दिवशी बा ड्यूटीवरून आले, फडके टाकून जमिनीवर पालथे पडले, एक डोळा मिटून रुळावरून नजर टाकली आणि म्हणाले, “डाव्या अंगाला सरकली हाय. समदी काढ अन् पुन्हा बसव.”

मी बसविली. मग त्यांना चाळलेली खडी हवी झाली, मग जोड. पावसाळ्यात छप्पर गळू लागले तेव्हा बांनी आधी लाइन उचलली व मग अंथरूण. अशा रीतीने आमच्या घरात अत्यंत निर्दोष अशी रेल्वे उभी राहिली, जिच्यावर गाडी नव्हती. शेजारणी विचारीत, “गाडी कव्हा येनार, मुकादम?” बा शांतपणे सांगत, “लाइन आमची. गाडी लोकोवाल्यायची. ते त्यायला इचारा.”

इंजिन हे दुसऱ्या खात्याचे काम, ते आपण करायचे नाही, या मतापासून माझे वडील आजतागायत ढळलेले नाहीत. बाहेरच्या मोठ्या लाइनीवर हे मत योग्यच आहे. फळीवर ते जरा ताणले गेले, असे नम्रपणे नमूद करते.

कलम ४. आत्या भिकाबाई हिला माझ्या हातगिरमिटाच्या (त्याचे कलम पुढे आहे) सर्वांत जाड दोन सुया. चांदीच्या नाण्यांना कडीसाठी छिद्र पाडण्यास त्या पुरेशा आहेत. माझ्याकडे हत्यार आहे ही बातमी तिने तांड्यावर नेल्यापासून दर बाजारच्या दिवशी बायका नाणी व कवड्या पदरात बांधून आमच्या दारात बसू लागल्या. कवडी ही ठिसूळ वस्तू आहे. तिला पाण्याचा थेंब व धीर लागतो. आत्या डोक्याशी उभी राहून म्हणे, “काहून गं, कवडी झोपली का तू झोपलीस? दाब की जरा.” एकदा भिडेखातर मी दाबले. आत्याच्या कवडीत माझी एक चांगली सुई मोडून राहिली. ती कवडी आत्याच्या कांचोळीवर, डाव्या खांद्याशी, अजून आहे. तिला ती शोभते, हे मी मान्य करते.

कलम ५. आत्येभाऊ उत्तमसिंग यास काहीही नाही.

त्याने एकदा न विचारता गिरमिट नेले आणि हुक्क्याच्या नारळाला भोक पाडू पाहिले. ज्या सुया केसाएवढ्या आहेत त्या नारळासाठी नाहीत, हे नारळाकडे पाहूनही समजते. तरी परत देताना तो म्हणाला, “तुजं हत्यारच नाजूक हाय, जमने. मी काय करू?” हे कलम हेच उत्तर.

कलम ६. इंजिन. हे पितळेचे असून त्यात गजराच्या बाद घड्याळाची कमान, म्हणजे स्प्रिंग, बसविली आहे. ते मी गेल्या दिवाळीपासून बांच्या पाठीमागे करीत आले. ते त्यांना ठाऊक आहे. पाहून न पाहिल्यासारखे करतात. मात्र परवा चाकांच्या आसांना कोणीतरी तेल दिलेले आढळले, व त्या तेलाला गँगच्या तेलाच्या डब्याचा वास होता.

इंजिन अजून चालत नाही. दोन्ही बाजूंची चाके ज्या दांड्यांनी जोडावयाची, त्यांपैकी एक दांडी तयार आहे. दुसऱ्या दांडीत एक छिद्र पाडावयाचे राहिले आहे. ज्या दिवशी ते पाडणार त्याच दिवशी पोटात कळ आली, आणि कळ सोसत मी ते काम केले नाही. हे छिद्र सूतभर जरी इकडेतिकडे झाले तरी चाके अडतील. माझी इच्छा एवढीच आहे, की मी असो वा नसो, ते छिद्र बरोबर जागी पडावे आणि इंजिनाने फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा जावे. वडिलांनी त्यास लाइनीवर येऊ द्यावे. खात्यांचा वाद तेवढ्यापुरता बाजूस ठेवावा.

कृती अशी. आधी टोच्याने खूण खोल करावी, नाही तर सुईचे टोक पितळेवरून घसरते. दांडी लाकडावर घट्ट बांधावी. तेलाचा एक थेंब. गिरमिटाची मागची फिरती टोपी तळहाताच्या खळग्यात टेकवावी व मूठ नुसत्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी फिरवावी. दाबू नये. सुईला जाऊ द्यावे. मध्ये मध्ये मागे फिरवून कीस झटकावा. पार होण्याच्या सुमारास पितळेचा आवाज बारीक होतो. तेथे श्वास रोखावा असे वाटते, परंतु रोखू नये, त्यानेच हात हलतो. पलीकडे उजेडाचा ठिपका दिसतो. तो दिसल्यावर जे वाटते ते येथे लिहीत नाही.

कलम ७. खुद्द हातगिरमिट, बोटाएवढी पितळी मूठ, टोकाशी सुई धरणारा चिमटा, आणि सुयांची डबी, ही बाजारातील घडीसाज मकबूलचाचा यांस. त्यांनीच मला ते दिले. माझ्या बांनी घड्याळ दुरुस्तीस टाकले होते व मी ते आणायला गेले होते. त्या काचेच्या दिव्याखाली त्यांचे काम पाहत मी इतका वेळ उभी राहिले, की त्यांनी विचारले, “बेटी, घडी लेने आयी या दुकान?” पुढच्या खेपेस त्यांनी माझ्या हाती पितळेचा तुकडा व हे गिरमिट ठेवले. आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. तरी त्यांची बोटे पाहतात. वरील छिद्र त्यांनी पाडावे. दिवा बांनी धरावा.

कलम ८. मृत्युपत्रास दोन साक्षी लागतात, व ज्यास त्यात काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे वकिलाच्या मुनशीने बांना सांगितले. हे कळल्यावर मी वरील कलमे पुन्हा वाचली. ज्यांच्यावर माझा विश्वास आहे त्या प्रत्येकास मी काही ना काही देऊन बसले आहे. अनोळखी माणसाला सहीसाठी हाक मारणे माझ्याने होणार नाही. कायद्याने निर्दोष असा एकच मनुष्य उरतो, आणि तो उत्तमसिंग.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

उत्तमसिंगास बोलाविले. त्याने मृत्युपत्र सर्वांसमोर मोठ्याने वाचले. मी चुलीपाशी तोंड फिरवून बसले होते. कलम पाचवर तो थांबला.

“मला काईच न्हाई?”

“तुला सही हाय,” याडी म्हणाली. “वाच म्होरं.”

मकबूलचाचा बांबरोबर आले होते. स्वतःचे कलम ऐकून ते म्हणाले, “मेरेकू नक्को. माझं नाव काट.”

मी हळूच विचारले, “मग ते छिद्र, चाचा?”

“तुझं हाय. तू पाड.” त्यांनी गिरमिट चाचपून पाहिले, टोपी फिरविली आणि माझ्यासमोर ठेवले. “दुसरा गवाह नाही ना तुझ्याकडं? मला काही मिळत नाही. आता मी गवाह. कलम-दौत दे इधर.”

उत्तमसिंग म्हणाला, “मग मलाच देऊन टाका ते.”

“तू भी गवाह है,” चाचा म्हणाले. “गवाह का हात खाली.”

यास्तव कलम सात रद्द केले. नवा वारस नेमण्यासाठी मी एकेकास विचारले. याडी म्हणाली, “मला माजी सुई बरी.” आत्याने निरोप धाडला, की जाड सुया पुरे, बारीक हत्याराची तिला धास्ती वाटते. बांनी फळीवरची धूळ फडक्याने पुसली. मग म्हणाले, “मी लाइन घेतली. लाइन तयार हाय. ते हत्यार दुसऱ्या खात्याचं, मी हात लावत न्हाई. ज्याचं हाय त्यानं येऊन न्यावं.” आणि तोंड धुण्यास बाहेर गेले, जरी ते थोड्याच वेळापूर्वी धुतले होते.

येणेप्रमाणे हातगिरमिटास कोणीही वारस नाही. बेवारस वस्तू सरकारजमा होते. सरकारास कोणते छिद्र कोठे पाडावयाचे हे ठाऊक नाही, व ते समजावून सांगण्यास कचेरीत माणसांसमोर बोलावे लागेल. त्यापेक्षा हैदराबादहून परत येणे मला सोपे वाटते. तसे करण्याचे मी या लेखाने स्वतःवर बंधन घालून घेत आहे.

स्थळ : हिंगोली, जिल्हा परभणी.
तारीख : १२ फेब्रुवारी १९४०, सन १३४९ फसली, सोमवार.

लिहून ठेवणार : जमना नेमसिंग

आम्हांसमक्ष सही केली :
१. उत्तमसिंग (काही न मिळाल्याचे मान्य)
२. मकबूल, घडीसाज (काही न घेतल्याचे मान्य)