तांबडा दिवा, इंजिन बंद

दि. ३

श्रीमत् चतुष्पथाधिपती, रक्तदीपप्रतिपालक, धूम्रासुरमर्दन, पेट्रोलबिंदुसंचयशिरोमणी, इंधन-बचत प्रबोधन कक्षाचे हंगामी प्रचारक तथा तुझे ज्येष्ठ बंधू यांजकडून चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

मेहुण्यांनी तुझा फोन भिंतीवर आपटून पंचत्वास पोहोचवल्यापासून आपला पत्रव्यवहार पुनरुज्जीवित झाला, हा त्यांचा उपकारच. माझी नियुक्ती मोठ्या चौकात झाली आहे. हाती काठीला ठोकलेला फलक : ‘तांबडा दिवा, इंजिन बंद’. दिवा तांबडा होताच मी रांगेत शिरून प्रत्येक खिडकीशी कक्षाचे पत्रक देऊन सविनय निवेदन करतो, की उभ्या गाडीत इंधन जाळल्याने गाडी पुढे सरकत नाही. या सिद्धांतावर जनतेचा अभिप्राय सत्वर प्राप्त होतो. काल एका मोटारसायकलस्वाराने शिरस्त्राण काढून माझ्या मुखावर हाणले. दात रस्त्यावर पडला आणि मागून आलेल्या बसने त्याचे चूर्ण केले. आज एका गृहस्थांनी काच खाली केली, ती केवळ थुंकण्यासाठी. तरी काही इंजिने बंद होतात, आणि त्या क्षणीच्या शांततेसाठी मी उर्वरित दंतपंक्तीही पणास लावीन.

मेहुण्यांची टॅक्सी याच चौकातून जाते. परवा त्यांनी मुद्दाम ॲक्सिलरेटर दाबून माझ्या तोंडावर धूर सोडला. आप्तस्वकीयांचा म्हणून मी तो आदरपूर्वक गिळला.

ममता अशीच वाढती ठेवावी.

अण्णा

दि. ७

ती. अण्णास, सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, दातापाशी आले आणि रडले. अरे, घरची माणसं तुझं ऐकत नाहीत, परकी काय ऐकणार? तो फलक दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मार आणि कचेरीत खुर्ची गाठ.

ह्यांचं डोकं हल्ली सारखं तापलेलं असतं. मागे एक गाडीवाला आडवा आला, तर त्याची बोटं त्याच्याच गाडीच्या दारात चेमटवली आणि जेवताना ते मला हसत सांगितलं. मी एवढंच म्हटलं, की दारात उभे असताना तरी इंजिन बंद करत जा, अण्णा सांगतो तसं. तर माझा हात पिरगळला. मनगट सुजलंय, कपडे पिळता येत नाहीत. म्हणाले, तुझ्या भावाला एक दिवस चौकातच चिरडीन. हे बोलतात ते करतात, अण्णा. तिथे उभा राहू नकोस.

माया आहे तशी असू दे.

धाकटी

दि. ११, दुपार

चि. धाकटीस आशीर्वाद.

बिरुदावली आज वगळली आहे. उजवा हात मोडला असल्याने मी सांगतो आणि रुग्णालयातील परिचारिका लिहून घेते. पत्र तुमच्याकडे जाणाऱ्या बसच्या वाहकाजवळ दिले आहे.

सकाळी एका वृद्ध शिक्षकांनी माझ्या विनंतीस मान देऊन आपली जुनी मोटार बंद केली. दिवा हिरवा झाला, मोटार सुरू होईना. बॅटरी थकलेली आहे काय, हे विचारणे मला सुचलेच नव्हते. मागे भोंग्यांचा कल्लोळ उठला. एक पुरुष चाकाचा पाना घेऊन उतरला. त्याने खिडकी फोडली, शिक्षकांना काचांवरून फरफटत बाहेर ओढले आणि त्यांच्या चेहऱ्यावर पाना घातला. पुन्हा घातला. रक्त माझ्या ओठांवर उडाले. मी फलक त्याच्या पाठीवर मोडला, तेव्हा तो वळला. ते मेहुणे होते. मला ओळखून त्यांनी माझा हात मोडला, परत शिक्षकांकडे वळून आणखी एक घाव घातला आणि निघून गेले. लोक काचा चढवून बसून होते.

शिक्षक बेशुद्ध आहेत. पोलीस उद्या माझा जबाब घेतील. अन्य कोणी साक्षीस तयार नाही. नाव सांगितले तर तुझा संसार मोडतो, न सांगितले तर माझे ऐकणाऱ्याचाच मी घात करतो. मी नाव सांगणार आहे. तत्पूर्वी तू घर सोड.

रागावलीस तरी नाते राखावे.

अण्णा

दि. ११, रात्र

ती. अण्णास नमस्कार.

वाहक आला तेव्हा हे मोरीत पाना धूत होते. पत्र हिसकावून वाचलं आणि माझे केस धरून तोंड ओट्यावर आपटलं. म्हणाले, भावाला लिही, तोंड मिटून बस, नाहीतर बहिणीला खांदा द्यायला ये. वाहक मध्ये पडला, त्याच्या पोटात लाथ घातली. तो पुन्हा उठला, तर ह्यांनी त्याचा गळा धरला. तेव्हा मी मोरीतला ओला पाना उचलून ह्यांच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज अजून कानात आहे, आणि खरं सांगू? वाईट वाटत नाही.

पाना मांडीवर घेऊन मी त्याच बसने पोलीस ठाण्यात गेले. डावा डोळा उघडत नव्हता, तरी सगळं नीट सांगितलं. ह्यांना घरातून उचलून नेलंय. तू नाव सांगशील तेव्हा माझ्या संसाराचा विचार करू नकोस. मी ते आधीच सांगून आलेय.

आता माया पत्रातून नको. मी येतेय.

धाकटी

दि. १३

चि. पानाधारिणी, जानुभंजिनी, भ्रातृरक्षिणी धाकटीस अनेक आशीर्वाद.

मला घरी सोडले आहे, हे डाव्या हाताने लिहितो. जबाब दिला. नाव उच्चारताना अक्षर एकही गळले नाही. शिक्षक शुद्धीवर आले. एक डोळा गेला, जबडा तारेने बांधला आहे. मी क्षमा मागितली, तेव्हा त्यांनी कागदावर लिहून मला बजावले, की पत्रकात दुरुस्ती करा : बॅटरी जुनी असल्यास इंजिन बंद करू नये. कक्षाने ती ओळ छापावयास दिली आहे. माझ्या शेजारची खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे. सत्वर यावे.

स्नेह आता समोरासमोर असावा.

अण्णा

ता. क. — रुग्णालयाने माझा हात पुढे पसरलेल्या अवस्थेत प्लास्टरबद्ध केला आहे. परिणामी रस्त्याकडेला उभा राहताच प्रत्येक टॅक्सी थांबते आणि मला कोठेही जायचे नाही हे कळल्यावर शिव्या देते. डॉक्टरांना कोन बदलण्याची विनंती केली, तर ते म्हणाले, हाड जुळेपर्यंत घरात बसा. पण दूध कोण आणणार?