दिवस मावळण्याआधीची पंगत

बाई, हे ऐकायला घरात दुसरं कुणी नाही, म्हणून तुला लिहायला बसलो आहे. तू गेलीस त्याला इतका काळ लोटला की तुझ्या वेळची माणसंही आता बाजारात भेटत नाहीत. वारूळवाडीतलं आपलं भांड्यांचं दुकान मी अजून रोज उघडतो. लग्नसराईत थोडी गर्दी होते, एरवी मी आणि डोक्यावरचा पंखा. तुझी सून आता तुझ्याकडेच आली आहे. निदान तिकडे तरी दोघींचं पटत असेल अशी आशा करतो. लेक बंगळूरला असते. रोज फोन करते आणि पहिला प्रश्न ठरलेला, जेवलात का. मी म्हणतो, केव्हाच. ते खोटं नसतं. दिवस मावळायच्या आत जेवायची तुझी शिस्त मी मोडली नव्हती. नव्हती असं लिहिलं आहे, ते तुझ्या लक्षात आलं असेलच.

मे महिन्यात निमगाव साव्याजवळच्या शाळेत शिबिर लागतं, ते अजून लागतं. आंबेगावच्या डोंगराकडच्या वाड्यांवरची मुलं सुट्टीत तिथे राहायला येतात, विहिरीत पोहायला शिकतात, नाटुकलं बसवतात, रात्री वर्गातच पथाऱ्या पसरून झोपतात. मुलांकडून काही घ्यायचं नाही, आसपासच्या घरांनी एकेक वेळचं जेवण उचलायचं, ही पद्धत तुझ्या वेळेपासूनची. निरगुडसरहून कुणी दूध पाठवायचं, कुणी कलिंगडं उतरवून द्यायचं. तू पदर खोचून शिबिर चालवणाऱ्या गुरुजींच्या पुढ्यात उभी राहिली होतीस. ‘एका संध्याकाळच्या जेवणाचा लाभ आम्हाला द्या,’ म्हणालीस, ‘पण पंगत उजेडात बसली पाहिजे.’ गुरुजी हसले होते. ‘द्या की. तुमच्यामुळं एक दिवस तरी माझं शिबिर वेळेवर जेवंल.’

मला ती संध्याकाळ अजून दिसते. शाळेमागे गोवऱ्यांचा विस्तव आहे, तू बाट्या उलटतेस, राख झटकतेस, तुपाच्या पातेल्यात बुडवतेस. कांदा-लसूण नसलेलं वरण मुलं आधी संशयाने चाखतात आणि मग मागून मागून घेतात. ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेलं की तू मला ओरडतेस, ‘अरे, पाय उचल जरा.’ मुलांची शेवटची ओळ बसली की आपणही त्यांच्यातच बसतो, तू, मी आणि गुरुजी, आणि उजेड असतानाच हात धुऊन मोकळे होतो. आपल्या घरात इतकी माणसं कधीच एका वेळी जेवली नाहीत.

तुझी बोलणी मी पुष्कळ खाल्ली, पण ताटांवरून बसली ती विसरलो नाही. तेव्हा दुकानात नाव घालायचं मशीन नवीन आलं होतं. शिबिराला स्टीलची ताटं द्यायची ठरली आणि मी उत्साहाने प्रत्येक ताटाच्या काठावर तुझं नाव घातलं, आडनावासकट, खाली ‘यांजकडून’. तुला आवडेल असं वाटलं होतं. तू एक ताट हातात घेतलंस, अंगठा काठावरून फिरवलास आणि म्हणालीस, ‘पोर घास उचलणार आणि त्याला आपलं नाव दिसणार. असला घास उतरेल का रे घशाखाली?’ मी म्हणालो, सगळेच घालतात. ‘भाच्याच्या लग्नात घाल. ही ताटं आता आपल्या फडताळात ठेव. त्यांना कोरी दे.’ तशी कोरी दिली. नावाची अख्खी थप्पी अजून स्वयंपाकघरात आहे. पंगतभर ताटं, आणि जेवणारा मी एकटा. रोज वरचं ताट घेतो, धुतो, परत वर ठेवतो. खालची कधी हलत नाहीत.

तू गेल्यावर गुरुजीही गेले. नवीन तरुणांनी शिबिर हातात घेतलं, चांगलं चालवतात. पण ऊन वाढलं म्हणून खेळ संध्याकाळी गेले आणि जेवण आठ वाजता. मी पातेली पोहोचवायचो, मावळायच्या आत घरी येऊन माझं माझं जेवायचो आणि आठला वाढायला परत जायचो. यंदा शिबिराच्या तरुण मास्तरांचा फोन आला. ‘काका, तुम्ही कशाला दगदग करता? मोबाईलवर पैसे टाका, आचारी करील सगळं. तुमच्या नावाचा मोठा फ्लेक्स लावतो गेटवर.’ मला तू आठवलीस. ‘नाव नको,’ म्हणालो, ‘मला वाढायचंय.’ त्यांना काय सांगणार, की अख्ख्या वर्षात मी दुसऱ्याच्या ताटात काही वाढतो अशी ही एकच संध्याकाळ उरली आहे? तीही गेली असती तर मे महिना मला नकोसा झाला असता. शेवटी ते म्हणाले, ‘या काका. पण जेवण आठलाच.’

मी गेलो. बाट्या घरी बायका लावून केल्या, तुझ्यासारख्या नाही झाल्या. टेम्पोवाल्याने मला पातेल्यांसकट शाळेत सोडलं आणि अर्ध्या तासात घरी जेवायला न्यायला येतो म्हणून गेला. मुलं मैदानात होती. ऊन चिंचेवरून उतरलं, गेलं, आणि मग टेम्पोवाल्याचा फोन. ‘भाऊ, वढ्याकडच्या उसात बिबट्या दिसलाय. आता मी त्या रस्त्यानं येत न्हाई. तुमी बी निघू नका.’ मास्तरांनी शिट्टी वाजवून मुलांना आत घेतलं, जाळीचं दार ओढलं आणि मला म्हणाले, ‘काका, मुलं जेवली की मीच जीपने सोडतो.’ व्हरांड्यात दिवे लागले, पंगत बसली आणि मी वाढायला लागलो. वाढता वाढता गुडघे बोलायला लागले, तरी कुणाला हात लावू दिला नाही.

वाढून झालं तरी कुणी घास उचलेना. मला वाटलं प्रार्थना असेल. तेवढ्यात दोन वेण्या घातलेली, पुढचा दात पडलेली एक मुलगी ताट घेऊन माझ्यासमोर आली. तिने त्यात माझ्याच पातेल्यातलं वाढून आणलं होतं.

‘तुमी बसा.’

‘मी नाही जेवत आता, बाळ. आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत.’

तिने जरा विचार केला. ‘आमच्याकडं पावण्यानं घास घेतल्याबिगर घरातलं कुनी जेवत न्हाई.’

‘पाहुणे तुम्ही. जेवण माझं आहे.’

‘पर शाळा तर आमची हाय ना. सकाळी झाडली बी आमीच.’

मास्तर म्हणाले, ‘अगं, राहू दे, काकांचा नेम असतो.’ ती मागे सरकली, पण ताट खाली ठेवलं नाही. दोन्ही ओळी माझ्याकडे बघत होत्या. पोहून आलेली, दिवसभर उन्हात हुंदडलेली भुकेली पोरं, आणि वरणावर साय धरत होती. मी बसलो. ताट मांडीवर घेतलं आणि सवयीने अंगठा काठावरून फिरवला. काठ चेपलेला होता, कोरा होता. ते आपलंच ताट होतं, बाई. मी एक घास घेतला आणि सगळा व्हरांडा जेवायला लागला.

मुलगी माझ्याजवळच बसली. तिच्या वाडीवर वरणात मिरची लई असते, हे फारच गुळमुळीत आहे, पण तूप झ्याक आहे, असं तिने मला ऐकवलं. जीपमध्ये मास्तर सारखे म्हणत होते, काका, आमच्यामुळे तुमचा नेम मोडला. एका घासाने मोडतो कुठे, असं मी त्यांना सांगितलं.

तुला तसं सांगता येत नाही. एका घासावर थांबता आलं असतं. मुलं जेवायला लागली होती, कुणी बघत नव्हतं. मी दोन बाट्या खाल्ल्या आणि वरण मागून घेतलं. आणि लोक ज्या नेमाचं कौतुक करतात, त्याचंही खरं ते आज सांगून टाकतो. तुझी सून गेल्यापासून मी उजेडात जेवतो ते धर्मासाठी नाही. उजेड असेपर्यंत खिडकीतून बाजाराचा आवाज येतो. दिवा लावून एकट्याने ताटावर बसायची मला भीती वाटते, बाई.